लेसिएलीच्या वेणीची टोकं

लेसिएलीची वेणी गुडघ्याखाली यायची, आणि तिचं टोक बघून मला रोज वैताग यायचा. वरचे केस काळेभोर, दाट, एका मुठीत मावणार नाहीत असे. पण शेवटी वीतभर नुसता काथ्या. तांबूस, भुरकट, एकेका केसाला दोन दोन फाटे फुटलेले. आम्ही बायका शेडमध्ये केवड्याच्या पानांच्या चटया विणायला बसलो की ती टोकं हमखास कुणाच्या तरी विणीत अडकायची.

"लेसी, तुझा केस माझ्या चटईत गेला बघ. आता ही चटई ज्याच्या लग्नात जाईल त्याच्या अंथरुणात तू पण जाशील."

मी म्हणायचे, आणि बायका हसायच्या. लेसीसुद्धा हसायची, पण केस मात्र वीण सैल करून हळूच सोडवून घ्यायची. ओढून तोडायची नाही. एका केसासाठी माझ्या चार ओळी उसवायची, आणि मी चरफडत बसायचे.

आमच्या गावात बाप जिवंत असेपर्यंत मुलीच्या केसांना कात्री लावत नाहीत. बाप गेला की दहाव्या दिवशी सकाळी त्याची बहीण पोरीला पुढ्यात बसवते आणि केस कापते. तो हक्क आत्याचाच. आईलाही नाही. माझे कापले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. तेव्हापासून मी मला वाटेल तेव्हा टोकं कापते, त्यामुळे माझे केस चांगले आहेत. बाप नाही. राजधानीत शिकायला गेलेल्या पोरी हल्ली सरळ पार्लरमध्ये जातात म्हणे, आणि पैसेही बापच देतात. आमच्या फोआ बेटावर मात्र पोरीच्या वेणीवरूनच बापाची खबर कळते.

लेसीचा बाप मानासे. बायको वारली तेव्हा पोर सात वर्षांची. घरात दुसरी बाई नाही, म्हणून तिचे केस तोच विंचरायचा. रोज संध्याकाळी पायरीवर बसून, मोहोकोईची सुवासिक फुलं घातलेलं खोबरेल टोकांपर्यंत चोळून, घट्ट वेणी घालायचा. गावातले पुरुष त्याची टर उडवायचे. "मानासे, आता आमच्या बायकांबरोबर चटया विणायलाही बस." तो मान वर न करता म्हणायचा, "ज्याला जाळं विणता येतं त्याला वेणीचं काय अवघड?" पुढे पोर मोठी झाली, वीस वर्षांची घोडी झाली, तरी तेल चोळायला तोच. मी शेजारीण, मी हे रोज बघितलंय. मला तेव्हा हसू यायचं आणि थोडा हेवाही वाटायचा.

आठ वर्षांपूर्वी मानासे ऑस्ट्रेलियात फळं तोडायला गेला. सात महिन्यांचं काम. दर रविवारी चर्च सुटलं की फोन यायचा. मग एक रविवार चुकला, मग दुसरा. शेतमालकाकडून निरोप आला की तो काम सोडून निघून गेला, कुठे ते माहीत नाही. त्याच सुमारास कुणीतरी बातमी आणली की तिकडे बेटावरच्या कामगारांची एक गाडी उलटली. नावं कुणालाच ठाऊक नव्हती. बस, तेवढंच. मेल्याचा कागद नाही, जिवंत असल्याचा आवाज नाही. आमचे पाद्री मोठे हुशार, ते प्रार्थनेत मानासेचं नाव मेलेल्यांतही घेत नसत आणि आजाऱ्यांतही नाही. प्रवासाला गेलेल्यांत घेत.

मी लेसीला समजावून थकले. "अगं, पानाला एकदा नखाने चीर दिली की ती वर वर जाते, हे तुला मी शिकवायला हवं का? केसाचंही तेच. आज दोन बोटं कापलीस तर वाचतील. नाहीतर वर्षभरात कमरेपर्यंत फाटतील."

"माहीत आहे, मावशी."

"चटई झाली की कडेला लोंबणारी टोकं आपण कापतोच ना?"

"चटई झालीय कुठे?" ती म्हणाली.

अशी ती. तोंडाला तोंड देणार, पण आवाज न चढवता. मग एकदा, समुद्रात भिजत घातलेली पानं गुंडाळत होतो तेव्हा, तिने आपणहून सांगितलं. वेणी पुढे घेऊन तिने खालची वीत दाखवली. "केस वाढतो तो मुळाकडून. टोक सगळ्यात जुनं. तुटून तुटून एवढीच वीत राहिलीय बघ. एवढ्यालाच बाबाचा हात लागलाय. याच्या वरचं सगळं तो गेल्यावर उगवलेलं."

मी आपली पानं गुंडाळत राहिले. त्या दिवसापासून तिचा केस माझ्या चटईत अडकला की मीच उसवून द्यायला लागले.

तरी कात्री शेवटी माझ्याच हातून लागली. गेल्या वर्षीची गोष्ट. शनिवारी आम्ही पानं उकळायला पिंप चुलीवर चढवलं होतं. लेसी जाळ सारायला वाकली आणि वेणी पुढे घसरून निखाऱ्यात पडली. मी ओढून काढली, हातांनी विझवली. वास सुटला. चार बोटं टोक जळून त्याच्या गाठी झाल्या होत्या, आणि त्या गाठी वरच्या चांगल्या केसांना चिकटत चालल्या होत्या. लेसी पांढरीफटक पडली होती. मी विचार केला नाही. पानं कापायची कात्री कमरेला होती, तीच घेतली आणि जळकं तेवढं कापून टाकलं.

"हे काही कापणं नव्हे," मी म्हटलं. "जळलेलं काढलं, एवढंच."

तिने खालून जळके तुकडे वेचून फडक्यात बांधले.

पण तुटलेलं टोक आणि कापलेलं टोक यातला फरक आमच्या बायकांना चर्चच्या मागच्या बाकावरूनही कळतो. रविवारी लेसी गायकांच्या रांगेत उभी होती, पाठीवर वेणी, आणि वेणीचं टोक पानाच्या कडेसारखं सरळ. अख्खं चर्च देवाकडे बघायचं सोडून त्या टोकाकडे बघत होतं. मला मात्र पत्ता नाही, मी पुढे बसले होते. रविवारी आमच्याकडे कुणी काडी उचलत नाही, त्यामुळे जे व्हायचं ते सोमवारी सकाळी झालं.

सगळा गाव काळे कपडे घालून, कमरेला मयताच्या फाटक्या चटया गुंडाळून लेसीच्या दारात हजर. मानासे गेला, आत्याने गुपचूप केस कापले, आणि आपल्याला सांगितलंसुद्धा नाही, असा सगळ्यांनी अर्थ लावलेला. कुणी चटया आणल्या होत्या, कुणी रताळी, एकाने तर डुक्कर कापून आणलं होतं. पाद्रीबाई फुगून बसल्या होत्या, "आम्हाला परकं केलंत ना" म्हणून. आणि गाणारे गायला लागले होते. आमचे लोक मयताला गातात ते ऐकून दगडालाही वाटावं की आपलंच कुणी गेलं.

मी धावले खरी, पण तेवढ्यात समुद्राकडून लेसी आली. डोक्यावर ओल्या पानांचा भारा. तिने दारातली काळी गर्दी पाहिली, गाणं ऐकलं, आणि भारा खाली पडला. तिला वाटलं, बातमी आली. ती जिथल्या तिथे बसली आणि जी रडायला लागली ती सात वर्षांचं रडली. मी तिला हलवत होते, "अगं नाही, नाही, लोकांची चूक झालीय, माझ्या कात्रीमुळे झालीय," पण तिच्या कानात ते शिरेपर्यंत बराच वेळ गेला.

मग आकेसा आली. मानासेची थोरली बहीण, लेसीची आत्या. आमच्याकडे भावापेक्षा बहिणीचा मान मोठा, आणि आकेसाला तो मान काठीसारखा वापरता येतो. ती अंगणाच्या मध्यभागी उभी राहिली.

"कोण मेलंय?"

गाणं थांबलं.

"माझा भाऊ मेला तर आधी मला कळेल की तुम्हाला? उचला त्या चटया. घरी जा."

लोक गेले. डुक्कर तेवढं परत जाण्यासारखं नव्हतं, ते दोन दिवस सगळ्या गावाने खाल्लं. मला मात्र आठवडाभर कुणाच्या नजरेला नजर देववेना.

चार दिवसांनी शेडमध्ये आम्ही दोघीच होतो. लेसी विणता विणता थांबली.

"मावशी, एक सांगू? त्या दिवशी मला बरं वाटलं."

"काय बरं वाटलं?"

"बाबा गेला असं वाटलं तेव्हा. रडले. छाती मोकळी झाली. मग तू सांगितलंस की चूक झाली, आणि परत सगळं जागच्या जागी येऊन बसलं." तिने वेणी मांडीवर घेतली. उरलेल्या जुन्या केसांवरून बोट फिरवलं. "त्याची वाट बघायची मला हौस नाही गं. पण कुणी सांगतच नाही की आता नको बघूस. मी आत्याला म्हणणार आहे, काप. दहावा दिवस नाही तर नाही. कुठला तरी दिवस धरू."

मी म्हटलं, "येते मी पण." माझ्या कात्रीने सुरुवात झाली होती, तेव्हा तेवढं तर करायलाच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गेलो. लेसीने काळे कपडे घातले होते, केस धुऊन मोकळे सोडले होते. आकेसा घरात चटईवर बसली होती. लेसी तिच्यासमोर पाठ करून बसली, जशी मी बसले होते माझ्या आत्यापुढे, आणि म्हणाली, "आत्या, काप. माझ्याच्याने आता होत नाही."

आकेसाने डब्यातून कात्री काढली. लेसीचे केस एका हातात गोळा केले, मानेकडून खाली सरकत टोकांपर्यंत आली. कात्री उघडली. मी डोळे खाली केले. पण कात्रीचा आवाज काही येईना. वर पाहिलं तर म्हातारीने कात्री मिटून खाली घेतली होती.

"नाही कापता येत," आकेसा म्हणाली.

"का?"

"मेलेल्यासाठी कापतात, पोरी."

लेसी वळली नाही. पाठ तशीच ताठ. आकेसाने चार वर्षांत याबद्दल तोंडातून शब्द काढला नव्हता, पण जिवंत भावाच्या लेकीवर कात्री चालवायची म्हटल्यावर तिचा हात खोटं बोलायला तयार होईना.

"चार वर्षांपूर्वी त्याचा फोन आला होता," ती म्हणाली. "तिकडेच ऑस्ट्रेलियात, मिल्ड्यूरा की कुठे आहे. तिथे बाई आहे एक. दोन पोरं आहेत. कागदपत्रं नाहीत, बाहेर पडला तर धरतील म्हणतो. मला म्हणाला, लेसीला सांगू नकोस. मला लाज वाटली गं. माझा भाऊ, आणि हे असं. मला वाटलं, मेला समजलीस तर बरं, आणि मेला म्हणायलाही जीभ उचलेना."

मी वाट बघत होते की लेसी आता ओरडेल, निदान रडेल. तिने फक्त विचारलं, "माझं काही विचारलं त्याने?"

"एकच विचारलं."

"काय?"

आकेसाने कात्री मांडीवर ठेवली. "म्हणाला, तिचे केस कापलेत का तुम्ही?"

"मग तू काय सांगितलंस?"

"नाही म्हटलं. मग तो बोललाच नाही. नुसता श्वास ऐकू येत होता. मग फोन बंद झाला. पुन्हा आला नाही."

बाहेर कुणाची तरी कोंबडी दारापर्यंत येऊन गेली. आकेसाचा चेहरा हळूहळू बदलला. तिने पुन्हा कात्री उचलली आणि उघडली.

"आण ते केस इकडे. मी थोरली आहे त्याची. मी म्हणते तो मेला, म्हणजे मेला. ही टोकं पाकिटात घालून पाठवते त्याला. कळू दे हरामखोराला, इथे त्याचा दहावा झाला."

खरं सांगते, मला ते पटलं. माझी जीभ "काप" म्हणायला टेकली होती. फाटलेले, जळलेले, बापाने टाकून दिलेले केस. आणखी किती दिवस सांभाळायचे?

लेसीने दोन्ही हातांनी केस पुढे ओढून घेतले आणि मांडीवर गोळा केले.

"नको, आत्या."

"अगं, अजून त्याची बाजू घेतेस?"

"बाजू नाही घेत." तिचा आवाज अगदी साधा होता, वीण उसवताना असायचा तसा. "पुन्हा फोन आला तर विचारेल तो. तुला 'नाही कापले' म्हणता आलं पाहिजे."

आकेसाने कात्री डब्यात ठेवली आणि डब्याचं झाकण लावलं. मग ती रडली. मी तिला त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं.

या गोष्टीला वर्ष झालं. फोन आलेला नाही. बापाच्या हातच्या केसांतली दोन बोटं उरली आहेत, तीही रोज थोडी थोडी तुटतात, कात्रीशिवाय. मी आता टोकांबद्दल काही बोलत नाही. संध्याकाळी विणकाम संपलं की खोबरेलाची बाटली घेऊन तिच्या पायरीवर जाते. ती एक पायरी खाली बसते, आणि मी टोकांपर्यंत तेल लावते.