मॅक्रोवाल्या मॅडम

ऑफिसात माझं नाव फार थोड्यांना ठाऊक आहे. "ते मॅक्रोवाल्या मॅडमना विचारा," एवढीच माझी ओळख, आणि ती सांगणाऱ्यानेही बहुतेक वेळा मला पाहिलेलं नसतं. माझ्या टीममधली बाकी माणसं बंगळुरात नाहीतर आपापल्या घरी बसून काम करतात. मी मात्र रोज येरवड्याहून कंपनीच्या बसने हिंजवडीला जाते. घरून काम करायची परवानगी मलाही आहे. पण घरी माझ्याशिवाय कुणी नाही. बस वाकडच्या पुलाजवळ कितीही वेळ अडकली तरी निदान शेजारी माणूस असतं, मग त्याच्या कानात बुचं का असेनात.

मी मूळची यवतमाळची. पुण्यात आले तेव्हा "काय करून राहिले" असं काही तोंडून गेलं की आजूबाजूचे हसायचे. टोमणा मारायचे तोही इतक्या शुद्ध भाषेत की घरी पोचल्यावर तो लागायचा. म्हणून ते बोलणंच बंद केलं. आता हसायलाही कुणी उरलं नाही, तरी बोलताना मी जिभेला आवर घालतेच.

माझं काम सांगायचं तर असं आहे. आमची एक लायब्ररी आहे, म्हणजे इतर प्रोग्रॅमना वापरता येईल असा तयार कोड. कारखान्यातल्या यंत्रांकडून येणारी माहिती ती सांभाळते. यंत्र कधी वजन पाठवतं, कधी वेळ, कधी मालाचं नाव. काय येणार ते आधी कळत नाही, म्हणून काहीही मावेल असा एक प्रकार ठेवलेला आहे. त्याला व्हेरिअंट म्हणतात. फडताळातल्या सगळ्या बरण्या सारख्या आणि आत काय आहे त्याची चिठ्ठी बाहेर, तसंच. पण वजनाची बरणी उघडायची रीत वेगळी, वेळेची वेगळी. प्रत्येकीसाठी तोच तोच कोड हाताने कोण लिहीत बसणार? म्हणून कुणीतरी फार पूर्वी मॅक्रो लिहिले, म्हणजे कोड तयार करून देणारा कोड. एका फाइलीत प्रकारांची यादी असते. कोड संगणकाच्या भाषेत उतरवतो तो कंपायलर; त्याच्या हाती कोड जाण्याआधी प्रीप्रोसेसर नावाचा प्रोग्रॅम ती यादी वाचतो आणि एकेका नावावरून पानंच्या पानं कोड तयार करतो. आपल्याला दिसते एक ओळ, आत सगळा पसारा. काही चुकलं की कंपायलर त्या एका ओळीकडे बोट दाखवून मोकळा होतो. ज्यांनी हे लिहिलं ते गृहस्थ केव्हाच परदेशी गेले. मी राहिले.

एके दिवशी मॅनेजरला साक्षात्कार झाला, की हे सगळं एकाच बाईच्या डोक्यात आहे आणि उद्या बाई बसखाली आली तर काय. त्याने हे मलाच कॉलवर सांगितलं, तेही हसत. मग एक नवी मुलगी माझ्याकडे शिकायला दिली.

ती इथलीच, ऑफिसच्या मागच्या गावातली. "आमचं घर हितंच हाय, त्या टॉवरच्या पल्याड," असं तिने खिडकीतून दाखवलं आणि लगेच ओशाळून "म्हणजे, इथेच आहे," असं दुरुस्त केलं. ते दुरुस्त करणं मी चांगलं ओळखत होते. तिला म्हटलं, माझ्याशी कसंही बोल. दुसऱ्या दिवसापासून मी मॅडमची ताई झाले.

मॅक्रो शिकवायची माझी रीत साधी आहे. मॅक्रोकडे बघायचंच नाही. नुसता प्रीप्रोसेसर चालवायचा, त्यातून जे बाहेर पडेल ते वाचायचं. पहिल्यांदा तिने तो कोड पडद्यावर सरकवायला घेतला तो संपेचना. "आयो! ताई, हे एवढं सगळं आत हाय?" मग आम्ही खुर्च्या जोडून ते वाचायला लागलो, पोथी वाचावी तसं. ती मोठ्याने वाचायची, मी थांबवायची. जेवायच्या वेळी ती आईच्या हातची भाकरी आणि ठेचा न विचारता माझ्या डब्याच्या झाकणात वाढायची. इतकी वर्षं मी भाजी मोबाइलवरून मागवत होते, एका माणसापुरती. आता रविवारी मुद्दाम मंडईत जाऊन भरायची वांगी निवडून आणू लागले. भाजीवाल्याने "पाहुणे आलेत का?" विचारलं. मी हो म्हणाले.

मग मी भाच्याच्या लग्नाला यवतमाळला गेले आणि इकडे तिने घोळ घातला. यादीत एक नवा प्रकार घालायचा होता, तापमानाचा. तिने तो घातला, आणि यादी दिसायला अस्ताव्यस्त आहे म्हणून सगळी नावं अक्षरांच्या क्रमाने लावून टाकली. बंगळूरच्या एकाने न वाचताच त्याला संमती दिली. आता गंमत अशी, की आमच्या बरण्यांवरच्या चिठ्ठ्यांवर नावं नसतात, आकडे असतात, आणि तो आकडा यादीतल्या जागेवरून ठरतो. जुन्या फाइलींमध्ये तेच आकडे लिहिलेले. यादी हलली आणि प्रत्येक बरणीत भलतंच निघू लागलं. सिमेंटच्या गोणीच्या जागी सकाळचे सव्वानऊ. नवं नाव नेहमी शेवटी घालायचं, हे आम्हा जुन्यांना इतकं अंगवळणी पडलेलं की ते कुठे लिहून ठेवावं असं कुणाला वाटलंच नव्हतं.

चाचणी करणाऱ्यांनी वेळेवर पकडलं म्हणून ते बाहेर गेलं नाही. मी परत आले तेव्हा ती रडून बसलेली. "मुद्दाम नाय केलं ताई. नीट दिसावं म्हणून केलं." आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "काय करून राहिली वं तू!" अस्सल यवतमाळी. ती रडता रडता हसायला लागली. मीही हसले. त्या आठवड्यात आम्ही सगळं पूर्वपदावर आणलं, आणि खरं सांगते, पुण्यातला माझा इतका सुखाचा आठवडा दुसरा नसेल.

पण वरच्यांनी त्यातून वेगळाच अर्थ काढला. प्रोग्रॅमिंगच्या भाषेत आता तयार व्हेरिअंट मिळतो, मग हे जुने मॅक्रो हवेतच कशाला? ते काढून टाका. आणि काढायचं काम तिलाच दिलं, कारण आता ते तिला सगळ्यात चांगलं समजत होतं.

उन्हाळाभर ती तेच करत होती. अडलं की खुर्ची वळवून "ताई," म्हणायची. मॅक्रो संपले की तिचं माझ्याकडचं काम संपणार हे मला दिसत होतं. मला ते संपायला नको होतं. तरी तिने विचारलेलं सगळं मी पुरतं सांगितलं. अर्धवट शिकवणं मला जमत नाही, त्याला गुण म्हणा की खोड.

आमच्याकडे कुणाचाही बदल दुसऱ्याने वाचून संमती दिल्याशिवाय आत जात नाही. हा बदल वाचू शकणारी मी एकटीच. पडद्यावर पुसलेल्या ओळी लाल दिसतात. वरपासून खालपर्यंत लालच लाल होतं. मी तो दिवसभर वाचला. चूक शोधत होते, आणि ती सापडावी अशी मनापासून इच्छा होती. एकही सापडली नाही. जुन्या फाइलींचे आकडेसुद्धा तिने जपले होते. मी संमतीचं बटण दाबलं.

"ताई, सुटलात तुम्ही!" ती उठून उभीच राहिली. पेढे आणले होते तिने. मी पेढा खाल्ला आणि म्हटलं, हो, सुटले.

पुढच्या महिन्यात ती दुसऱ्या इमारतीत, दुसऱ्या टीममध्ये गेली. सुरुवातीला जेवायला यायची. मग तिच्या मीटिंगा नेमक्या त्याच वेळेला पडू लागल्या. तिचा काही दोष नाही. तिला तिथे तिच्या वयाची माणसं मिळाली आहेत, आणि मिळायलाच हवीत.

गेल्या आठवड्यात दुपारी चॅटवर तिचा निरोप आला. "ताई, आहात का? एक अडलंय." मला काय आनंद झाला सांगू! पाण्याची बाटली तशीच उघडी ठेवून मी लिहायला घेतलं, "ये ना इकडेच, दोघी बसू." पाठवणार तेवढ्यात ती काही लिहीत असल्याचे ठिपके खाली हलायला लागले, म्हणून थांबले.

"सापडलं ताई! राहू द्या."

मी लिहिलेलं पुसलं आणि तिला अंगठा पाठवला.