नकाशाबाईंनी आखलेला रस्ता

कार-क्लबात तिला सगळे नकाशाबाई म्हणायचे. पोटापाण्यासाठी ती दातांच्या कवळ्या बनवायची. दिवसभर मेण, प्लास्टर आणि परक्यांचे जबडे. पण क्लबच्या वार्षिक शर्यतीत नवऱ्याशेजारी मांडीवर नकाशा पसरून बसली, की तिच्या अंगात वारं भरायचं. ही शर्यत वेगाची नव्हती. वाटेतल्या चौक्या ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या वेळेत गाठायच्या; मधला रस्ता ज्याने त्याने शोधायचा. गाडी नवरा चालवायचा, रस्ता ती सांगायची आणि चषकावर नाव नवऱ्याचं यायचं.

मग नवऱ्याने रस्ता सांगणारं यंत्र आणलं. क्लबच्या जेवणात ते हातात उंच धरून तो म्हणाला, "आता शेजारची सीट रिकामी. हे भांडत नाही, चुकत नाही, आणि ह्याला गाडी लागत नाही."

लोक पोट धरून हसले. चारचौघांत तीही हसली. गाडी तिला एकदाच लागली होती, मुलगी पोटात होती तेव्हा. ओकाऱ्या काढत तिने शेवटच्या चौकीपर्यंत रस्ता सांगितला होता.

घरी आल्यावर तिने भांडण काढलं नाही. नवरा निर्धास्त झाला.

क्लबचे अध्यक्ष, निवृत्त चित्रकला शिक्षक, पुढच्या शर्यतीचा मार्ग आखायला माणूस शोधत होते. आखणाऱ्याचं नाव शर्यत होईपर्यंत गुप्त राहायचं. ती स्वतःहून त्यांच्याकडे गेली. नवरा स्पर्धेत आहे म्हणून ते जरा अडखळले. माझ्याकडून त्याला एक अक्षर कळणार नाही, असं तिने सांगितलं. अध्यक्षांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांची खात्री पटली.

धाकट्या बहिणीच्या गाडीत तिने तसंच यंत्र बसवून घेतलं. सुट्टीच्या दिवशी दोघी निघायच्या आणि ते म्हणेल तिकडे मुकाट जायच्या. बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं, आणि तिची चिडचिड व्हायची.

"ताई, बिचारं बरोबरच सांगतंय," बहीण म्हणायची.

"तू चालव."

शेवटी एका नदीकाठी यंत्राने त्यांना सरळ जा म्हणून सांगितलं. पडद्यावर पूल होता. समोर पाणी होतं. पूल केव्हाच पाडून टाकलेला, काठावर नुसती चिकणमाती. ती गाडीतून उतरली आणि त्या जेवणानंतर पहिल्यांदा मनापासून हसली.

शर्यतीची एक चौकी तिने पलीकडच्या काठावर ठेवली. स्पर्धकांच्या कागदावर ठळक छापलं, की जुना पूल पाडला आहे, वरच्या गावातून वळा. रस्त्यावर आडवी पिंपंही लावून घेतली. अध्यक्षांनी सगळं तपासलं. त्यांना कुठेही बोट ठेवायला जागा सापडली नाही.

शर्यतीच्या दिवशी ती त्या चौकीवर शिक्का घेऊन बसली. गाड्या वळसा घालून येत होत्या. आणि मग समोरच्या काठावर नवऱ्याची गाडी दिसली. पिंपं त्याने स्वतःच बाजूला केली होती. गाडी उतारावरून आली आणि पुढची चाकं चिखलात रुतली. तो खाली उतरला, पाण्यापलीकडे त्याला ती दिसली. तिचा फोन वाजला.

"इथे पूल दाखवतंय."

"कागदावर काय लिहिलंय?"

कागद उलगडल्याचा आवाज आला.

"हा मार्ग तू आखलास?"

"हो."

"मुद्दाम?"

"हो."

"आता बाहेर कसा येऊ?"

"त्यालाच विचार," ती म्हणाली आणि फोन ठेवून तिने पुढच्या गाडीच्या कागदावर शिक्का मारला.

ट्रॅक्टरने त्याला बाहेर ओढलं. संध्याकाळी क्लबच्या जेवणात अध्यक्षांनी आखणाऱ्याचं नाव जाहीर केलं, तेव्हा मागच्या वेळी हसलेले सगळे नवऱ्याकडे वळून बघू लागले. त्याने पानातून मान वर केली नाही.

घरात महिनाभर अबोला होता. मग एका संध्याकाळी तो तिच्या पुढ्यात येऊन बसला. यंत्र विकून टाकलंय, पुढच्या शर्यतीत शेजारी बसशील का, असं त्याने विचारलं. हे तो पूर्वी कधी विचारत नसे, धरूनच चालायचा. तिने सांगितलं, की तिचं आणि बहिणीचं नाव क्लबात देऊन झालंय.

त्या शर्यतीत दोघी बहिणी तिसऱ्या आल्या. तिसऱ्या नंबराचं तिला काही वाटलं नाही. निकालाच्या यादीत खाली उरलेली नावं तिने शांतपणे वाचत नेली, नवऱ्याचं सापडेपर्यंत.