मोरीतली चौथी फळी

एडविन हेम्ब्रोचा माझ्यावरही विश्वास नव्हता. मी त्याचं टपाल आणलं की तो पाकीट आधी उजेडाकडे धरून बघायचा, कुणी उघडून परत चिकटवलं तर नाही ना. इंग्लंडातल्या सॉमरसेटच्या या सखल रानात मी सत्तावीस वर्षं टपाल वाटलं, पण असा संशयी म्हातारा दुसरा पाहिला नाही. पशुवैद्य त्याला लुच्चा वाटे, रेडिओवरचा हवामानवाला खोटारडा. विश्वास काय तो त्याच्या एकतीस गाईंवर.

त्या हिवाळ्यात पाऊस ऑक्टोबरात सुरू झाला आणि थांबायचं नावच घेईना. गाई गोठ्यात, रानात घोटाभर पाणी. एडविन रोज सकाळी एक खुणा केलेली काठी चरात बुडवायचा.

"दोन बोटं वाढलं," तो मला म्हणाला. "पावसानं एवढं वाढत नाही. कुणीतरी पाणी अडवलंय."

"कुणी?"

त्यानं चरापलीकडे हनुवटी उडवली. तिकडे मॉरिस व्हॉल्सचं घर. मॉरिसची जमीन हातभर उंच, गोठा तर टेकाडावरच. दोघांच्या मधला चर हेच त्यांचं कुंपण. चराच्या टोकाला दगडी मोरी आहे, तिच्या खाचांत एकावर एक चार फळ्या बसतात. उन्हाळ्यात फळ्या घालून पाणी धरायचं, नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला त्या काढून पाणी सोडायचं. फळ्या दोन याच्या, दोन त्याच्या. दोन्ही काठांवरून दोघांनी मिळून काढायच्या आणि आपापल्या घरी न्यायच्या. दुसऱ्याच्या फळीला हात लावायचा नाही, तिच्याबद्दल बोलायचंही नाही. त्यांच्या आजोबांपासून असंच चालत आलेलं.

"त्यानं नवी फळी करून घातली असणार," एडविन म्हणाला. "माझं खालचं कुरण त्यानं दोनदा मागितलंय. आता बुडवून घेणार. आणि वर काय म्हणतो माहितीये? 'तुझ्या गाई माझ्या गोठ्यात आण.' एकदा त्या तिकडे गेल्या की माझं इथे काय राहिलं?"

"अहो, माणूस मदत करतोय."

"तू त्याच्याकडे चहा पितोस, तू असंच बोलणार."

चहा मी दोन्हीकडे पीत होतो. एडविनची बायको मुरिएल मांडीचं हाड मोडल्यापासून काठी घेऊन चालायची. ती चहा ओतताना हळूच म्हणाली, "रस्ता बुडायच्या आत गाई हलवायला हव्यात. तूच सांग त्याला. माझं तो ऐकत नाही."

मी सांगितलं. त्यानं मला दार दाखवलं.

पलीकडे मॉरिसही काही मोकळा नव्हता. एरवी गप्पिष्ट माणूस, पण मोरीचं नाव काढलं की तोंड मिटायचा. खरं सांगायचं तर मलाही त्याचा संशय येऊ लागला होता.

जानेवारीतल्या एका सकाळी पाणी गोठ्याच्या उंबऱ्याला लागलं. मी पोचलो तेव्हा एडविन मोरीवर ओणवा होऊन लांब बांबू गढूळ पाण्यात खुपसत होता.

"लाकूड लागतंय!" तो ओरडला. "खाली लाकूड आहे! आता तूच साक्षीदार."

त्यानं मला गाडीत घालून मॉरिसच्या अंगणात नेलं आणि खाली उतरायच्या आधीच तोंड सोडलं. "चोरा! माझी गुरं बुडवतोस? बाहेर ये!"

मॉरिस बाहेर आला. मागे गेला, दोन जुन्या काळ्या फळ्या खांद्यावरून आणल्या आणि एडविनच्या पायाशी टाकल्या.

"ह्या माझ्या. आता तुझ्या किती आहेत सांग."

"दोन."

"घरी?"

एडविन बोटांवर मोजायला लागला आणि एकावरच थांबला. मग त्याचा चेहरा असा उतरला की मला बघवेना. नोव्हेंबरच्या एक तारखेला तीन फळ्या निघाल्या होत्या. तळाची चौथी एडविनची. तेवढ्यात मुरिएल पडल्याचा निरोप आला आणि तो होता तसा धावत सुटला होता. दवाखान्याच्या गडबडीत फळी राहून गेली ती गेलीच.

"तुला माहीत होतं?" त्यानं विचारलं.

"मला वाटलं, तू मुद्दाम ठेवलीस. बदकं मारायला तुला दरवर्षी पाणी लागतं." मॉरिसनं मान खाली घातली. "तुझी फळी. मी कसा बोलणार?"

"अरे गाढवा! बोलायचं होतंस!"

"आणि तू विचारायचं होतंस, म्हाताऱ्या!"

दोघं भांडत भांडतच मोरीवर गेले. एक या काठाला, एक त्या काठाला, आकडे लावून ओढ ओढ ओढलं. पाण्याच्या दाबानं फळी जागची हलली नाही. तीन महिन्यांत फुगून ती दगडात बसली होती.

"राहू दे," मॉरिस म्हणाला. "रस्ता अजून तासभर राहील. गाई काढ."

एकतीसच्या एकतीस गाई गुडघाभर पाण्यातून निघाल्या. पुढे मॉरिस, मागे मी टपालाची पिशवी डोक्यावर घेऊन, आणि मधे एडविन, प्रत्येक गाईला नावानं हाका मारत. ट्रॅक्टरवर मुरिएल. आम्ही टेकाडावर चढलो आणि मागे रस्ता पाण्याखाली दिसेनासा झाला.

मॉरिसनं गोठ्याचं दार ढकललं. आत एकतीस गाईंची जागा दोरानं आखलेली होती, तळाशी जाड पेंढा, गव्हाणीत मुरघास, टाक्या भरलेल्या. कोपऱ्यातल्या पेंढ्यात एक कोंबडी अंड्यांवर बसली होती. एडविन तिच्याकडे बघत राहिला.

"ही कधीपासून बसलीये?"

"झाले पंधरा दिवस."

"म्हणजे हा पेंढा तू..."

"तुला पहिल्यांदा विचारलं त्या दिवशी घातला."

"तेव्हा तर तू मला बदमाश समजत होतास."

"तुला," मॉरिस म्हणाला. "गाईंना नाही."

एडविन तिथेच दाराला टेकला आणि रडला. माझ्यासमोर, बायकोसमोर, मॉरिससमोर, तोंडही न झाकता.