रंगीत कॅल्क्युलेटरची बॅटरी

माझी ताई कॉलेजात गणित शिकवते आणि मी त्याच कॉलेजच्या प्रयोगशाळेचं सामान सांभाळते. शिकवायचं तिने, कपाटांच्या किल्ल्या माझ्याकडे. आम्ही एकाच गल्लीत राहतो, बरोबर जातो, बरोबर येतो आणि रस्ताभर भांडतो. गेलं वर्षभर भांडणाचा विषय एकच होता. मी म्हणायची, सांगून टाक. ती म्हणायची, तू गप्प बस.

काय सांगायचं, तर डोळ्यांचं. ताईला मधलं दिसेनासं झालंय. कडेकडेचं दिसतं, त्यामुळे चालते-फिरते, जिना उतरते, कुणाला शंका येत नाही. पण ज्याच्याकडे टक लावून बघावं नेमकं तेच धुरकट. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, डोळ्याच्या पडद्याचा दोष आहे, चष्म्याचा नंबर वाढवून काही व्हायचं नाही, जे बघाल ते ठळक आणि भरपूर उजेडात बघा. हे डॉक्टरांना ठाऊक आणि मला ठाऊक. नवऱ्यालासुद्धा बाईसाहेबांनी "जरा नंबर बदललाय" एवढ्यावर भागवलं होतं.

"कळलं तर मला वर्गातून उठवतील," ती म्हणायची. "रसायनाच्या सरांना ऐकू कमी यायला लागलं, तर नेऊन बसवलंच ना ऑफिसात, अर्जांवर शिक्के मारत? मला नाही बसायचं तिथे. मी शिकवणारी बाई आहे."

"अगं, काही होत नाही. माणसं इतकी वाईट नसतात."

"वाईट कोण म्हणतंय? चांगलीच असतात. चांगुलपणानेच उठवतात."



फळ्यावरचं तिला अडत नव्हतं. इतक्या वर्षांचा हात, डोळे मिटूनही लिहिलं असतं. अडायचं ते मुलांच्या बाकांपाशी. तिच्या वर्गात मुलं आलेख काढणारे कॅल्क्युलेटर वापरतात. समीकरण घातलं की स्क्रीनवर त्याची रेघ उमटते. ताई बाकांमधून फिरते, वाकून स्क्रीन बघते आणि कोण कुठे घसरलं ते सांगते. तिचं सगळं शिकवणं त्या वाकून बघण्यात आहे. माझ्या कपाटात दोन जातींचे थोडे थोडे कॅल्क्युलेटर होते. एक जुने, करड्या स्क्रीनचे, सेलवर चालणारे. करड्यावर काळपट रेघ, ताईला त्यात शून्य दिसायचं. दुसरे रंगीत, आतून उजळणारे, चार्ज करायचे. त्यांचा उजेड पूर्ण वाढवला की लाल रेघ, निळी रेघ तिला बरोबर कळायची. म्हणून ती रंगीत तेवढे आपल्या वर्गासाठी पळवायची आणि इतर शिक्षक मला बोल लावायचे.

मग कॉलेजने ठरवलं, सगळ्या वर्गांसाठी एकाच जातीचे नवीन घ्यायचे. निवड आमच्या विभागप्रमुखांकडे. त्यांना आम्ही तक्तेसर म्हणतो, कारण हा माणूस चहा घ्यायचा की कॉफी हेसुद्धा तक्ता आखून ठरवेल. त्यांनी दोन्ही कॅल्क्युलेटर टेबलावर मांडले, एकच आलेख पुन्हा पुन्हा काढत ठेवले आणि बॅटरी किती टिकते ते मोजलं. रंगीताने तिसऱ्या दिवशी मान टाकली. करडा आपला मठ्ठपणे चालूच. सेल एकदा घातले की निम्मं वर्ष बघायला नको.

"वीज कुठे जाते ते उघड आहे," तक्तेसर बैठकीत म्हणाले. "सगळी त्या उजेडात. आकडेमोडीला लागते नखाएवढी."

बरोबर होतं हो त्यांचं. तेच तर दुखणं. आकडे खोटे असते तर भांडता आलं असतं. ताईला तो उजेडच हवा होता आणि उजेड का हवा हे सांगायचं नव्हतं. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं. "रंगीत बरं असतं," एवढंच ती बोलली.

"मॅडम, रंगीत तर पतंगही असतो," सर म्हणाले, आणि सगळे हसले. मी टेबलाखालून ताईला चिमटा काढला. बोल की बाई. ती बोलली, पण भलतंच. दिवसभर चालू ठेवणं म्हणजे वर्गातला वापर नव्हे, तुमची चाचणीच चुकीची आहे म्हणाली. सर भला माणूस. म्हणाले, मग तुम्ही घरी नेऊन बघा, वर्गात वापरता तसंच वापरा, जे निघेल ते मला मान्य.

घरी आमचे भाऊजी. वीज कंपनीत मीटर वाचायला फिरतात आणि घरीही मीटर वाचल्यासारखेच राहतात. तुम्ही खोलीत असलात तरी हलला नाहीत तर दिवा बंद. मी एकदा त्यांच्या न्हाणीघरात साबण लावलेली अंधारात उभी राहिलेय. असल्या माणसाच्या हातात बॅटरीची चाचणी पडली, मग काय विचारता. ताईने जिंकायला हवं एवढं त्यांना कळलं. का, ते कुणी सांगितलंच नव्हतं.

"माझ्यावर सोड," म्हणाले. "विजेचं मला शिकवू नकोस."

ताईने सोडलं. मी तिला म्हटलं, अगं निदान बघ तरी काय करतायत. तर म्हणे, करू दे, हौस आहे त्यांना. भाऊजी रोज जेवण झाल्यावर इमानेइतबारे आलेख काढत बसायचे. आणि काय आश्चर्य, रंगीत कॅल्क्युलेटर संपायचं नावच घेईना. तीन दिवस गेले, आठवडा गेला, दुसरा आठवडा सरत आला. ताईचा चेहरा कित्येक महिन्यांनी फुलला होता. भाऊजींनी आकडे बारीकसारीक नोंदींसकट लिहून दिले, तक्तेसर खूश झाले. इतकं टिकत असेल तर रंगीतच घेऊ, सेल फेकण्याची कटकटही गेली.

खोकी माझ्याकडे आली आणि त्यांच्याबरोबर सरांची सूचनाही. प्रत्येक यंत्राचा उजेड सर्वांत कमी ठेवावा आणि "उजेड वाढवू नये" अशी चिठ्ठी पाठीवर चिकटवावी, कारण मॅडमच्या घरी चाचणी त्याच उजेडावर झाली आहे.

मी तशीच ताईच्या घरी गेले. "भाऊजी, तुम्ही उजेड कमी केला होतात?"

"मग? बॅटरी टिकवायची होती ना? टिकवली. तळापर्यंत उतरवला. मला तर झकास दिसत होतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ताईकडे न बघता मी सगळं बोलून टाकलं, पडदा, डॉक्टर, उजेड, सगळं. भाऊजी खुर्चीत बसले. ताईला म्हणाले, "मला नाही सांगितलंस?"

"तुम्ही मला घरी बसवलं असतं."

ते नाही म्हणाले नाहीत. मला त्या क्षणी दोघांचाही इतका राग आला की मी चप्पल घालून निघाले.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्या यंत्रांचा उजेड वाढवायला घेतला, तर ताई आडवी आली. बॅटऱ्या लवकर उतरल्या की जाब तिला विचारतील म्हणे, चाचणी तिच्या घरची. मुलंही एरवी कुणाचं ऐकतील तर शपथ, पण ती चिठ्ठी मात्र वेदवाक्य. तासाला यंत्र बंद पडलं तर आपली पंचाईत, म्हणून कुणी उजेडाला हात लावेना.

नवीन कॅल्क्युलेटरच्या पहिल्याच तासाला मी ट्रे घेऊन वर्गात होते. एक मुलगी स्क्रीन पुढे करून म्हणाली, "मॅडम, बरोबर आहे ना?" ताई वाकली. डोकं थोडं तिरकं केलं, मग दुसरीकडून तिरकं केलं. मला तिथूनही कळत होतं की तिला काही दिसत नाहीये.

"बरोबर," ताई म्हणाली.

मुलगी खुशीत वळली. मागून एक जण म्हणाला, "मॅडम, तिची रेघ वाटीसारखी आलीय. पालथी यायला हवी ना? वजाचं चिन्ह राहिलंय तिचं."

वर्गात खसखस पिकली. ताई हसली नाही. खडू ठेवला, त्या मुलीला परत बोलावलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "मला दिसलं नाही. वर्ष होऊन गेलं, मला अशा स्क्रीनवरचं दिसत नाही. न बघता मी तुला बरोबर म्हटलं. हे मी करायला नको होतं."

खरं सांगते, मला हायसं वाटलं. सुटलो एकदाचे.

तासानंतर ती स्वतःच सरांकडे गेली. मी बरोबर होते. सर उठून उभे राहिले, तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. "मॅडम, आधी का नाही बोललात? मी तक्त्यात तो रकाना घातला असता." वर म्हणाले, काळजी करू नका, मी बघतो. बाहेर आल्यावर मी ताईला म्हटलं, बघ, काही झालं का? उगाच वर्षभर जीव खाल्लास माझा.

सोमवारी नवीन वेळापत्रक लागलं.

"माझे तास वाच," ताई म्हणाली.

मी वाचलं. मग पुन्हा वाचलं, मनात. "तुझ्या वर्गावर नवीन सरांचं नाव आहे."

"आणि मी?"

"ऑफिस. हजेरीपट तपासणे."

हजेरीपट म्हणजे मुंगीएवढ्या चौकटी. ज्या बाईला तळहाताएवढ्या स्क्रीनवरची रेघ दिसत नाही तिला दया म्हणून काम दिलं ते हे. मी तक्तेसरांकडे जायला निघाले होते, चांगली चार वाक्यं ओठांवर होती. पण ताईने दंड धरला. मला वाटलं, आता म्हणेल, सांगितलं नव्हतं तुला? तेवढं ऐकायची माझी तयारी होती. तेवढ्यात घंटा झाली, तिने माझ्या हातातून खडूंची पेटी घेतली आणि वर्गाकडे चालू लागली.

नवीन सर फळ्यापाशी उभे होते. ताई आत गेली. "तुम्ही पहिल्या बाकावर बसा," ती त्यांना म्हणाली. "मुलांच्या स्क्रीनवर काय दिसतंय ते मला मोठ्याने सांगत चला. तास माझा आहे."

ते गोंधळून माझ्याकडे बघायला लागले. मी वर्गाचं दार बाहेरून ओढून घेतलं आणि तक्तेसर येईपर्यंत त्याला पाठ लावून उभी राहिले.