भाऊसाहेबांचा स्वतःचा दावा

शैलावहिनींचा फोन आला तेव्हा मी धुळ्यातल्या आमच्या गच्चीवर मिरच्या वाळत घालत होते. फोन खाली राहिला होता, सुनेने वर आणून दिला. वहिनी रडत नव्हत्या. "ताई, हे गेले. दुपारी जेवून आडवे झाले, चहाला उठवायला गेले तर..." एवढंच म्हणाल्या. त्या जळगावात, मी इथे. मग म्हणाल्या, "ठेवते. अजून बऱ्याच जणांना कळवायचंय."

वहिनींचे यजमान प्रल्हाद झोपे, म्हणजे आमचे झोपे भाऊसाहेब, जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात माझ्याबरोबर नोकरीला होते. मी बेंच क्लार्क. न्यायाधीशसाहेबांच्या समोर खाली बसायचं, फायली पुढे करायच्या, तारखा लिहायच्या. ते रेकॉर्डला. निकाल लागला की फाईल माझ्या टेबलावरून त्यांच्या खोलीत जायची आणि तिथेच पडून राहायची, कोणी नक्कल मागेपर्यंत किंवा मुदत संपून नष्ट होईपर्यंत. आडनावावरून वकील मंडळी त्यांची चेष्टा करत. "रेकॉर्डला झोपे बसलेत, फाईल जागी कशी होणार?" नवीन आलेला प्रत्येक वकील ही चेष्टा स्वतःला सुचल्यासारखी करायचा आणि भाऊसाहेब प्रत्येक वेळी थोडंसं हसायचे. मला मात्र त्या हसण्याचाच थकवा यायचा.

त्यांची खोली मागच्या बाजूला होती. एक खिडकी, तीही कपाटांनी निम्मी झाकलेली. आत गेलं की आधी शिंक, मग डोळ्यांत पाणी. ते तोंडाला रुमाल बांधून शिडीवर चढत, कापडात गाठ मारून बांधलेला गठ्ठा काढत, झटकत, उतरत. शैलावहिनी म्हणायच्या, अंगाचा वास साबणानेही जात नाही. कामात काही थोरपण नव्हतं, त्यांनी कधी तसं दाखवलंही नाही. मात्र कोणाला वाईट बातमी द्यायची असली की ते आधी स्वतःची खुर्ची पुढे करत. चाळीसगावकडचा एक म्हातारा कुठल्याशा जुन्या दाव्याच्या नकलेसाठी आला होता, तो प्रसंग माझ्यासमोरचा आहे. ती फाईल मुदत संपल्यामुळे कधीच नष्ट झाली होती. भाऊसाहेबांनी त्याला बसवलं, पाणी दिलं, मग सांगितलं. म्हातारा पागोट्याचा शेव बोटांत फिरवत राहिला. "मंग आते बठ्ठं, सगळं संपनं का भाऊ?" भाऊसाहेब म्हणाले, "कागद संपले बाबा." आणि पेला पुन्हा भरून त्याच्यापुढे ठेवला.

अशा माणसाने स्वतः दावा लावावा, याचं आम्हा सगळ्यांना नवल वाटलं होतं. वडील वारल्यानंतर गावाकडच्या केळीच्या शेतावर एकट्या मोठ्या भावाचं, देविदासदादांचं नाव लागलं. दादांचं म्हणणं, बापाने तसं तोंडी सांगितलं होतं, आणि प्रल्हादला सरकारी नोकरी आहेच. भाऊसाहेबांना शेत कसायचं नव्हतं, पण आपलं नाव न विचारता गळालं, हे त्यांच्या जिव्हारी लागलं. रागाच्या भरात वकिलाकडे गेले आणि वाटपाचा दावा लागला, आमच्याच कोर्टात, कारण शेत त्याच तालुक्यात. त्यांनी साहेबांना लेखी कळवून ठेवलं की हा माझा घरचा दावा आहे, या फाईलला मी हात लावणार नाही. एकदा डबा खाताना मला म्हणाले, "ताई, रोज दुसऱ्यांचे दावे फडताळात रचतो, वर्षानुवर्षं चाललेले. तरी मला वाटलं, माझा लवकर संपेल."

तो संपला नाही, अर्थातच.

वाटपाच्या दाव्यात घरातल्या सगळ्यांना सामील करावं लागतं, म्हणून त्यांची आई प्रतिवादी क्रमांक दोन होती. ती गावी थोरल्याकडे राहायची. दावा लागल्यापासून भाऊसाहेबांनी गावचा रस्ता सोडला होता. दादा तारखेला यायचे तेव्हा आईला बरोबर आणायचे. खरं तर तिने दर तारखेला येण्याची काहीच गरज नव्हती, वकिलानेही तसं सांगितलं होतं. पण ती यायचीच. व्हरांड्यातल्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसायची. जेवणाच्या सुट्टीत दादा उठून बाहेर चहाच्या टपरीवर जायचे, मुद्दामच, आणि मग भाऊसाहेब मागच्या खोलीतून हात धुऊन यायचे. ती पिशवीतून कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी आणि भाजी सोडायची. तो जेवायचा, ती बघायची. बोलणं फारसं ऐकू यायचं नाही. सुट्टी संपली की तो आत, आणि टपरीवरचा परत बाकावर.

एकदा तिने मला गाठलं. "बाई, तू तारखा देतं ना? पुढची जरा लवकरची दे वं." मला वाटलं, म्हातारीला दाव्याचा कंटाळा आलाय. मी म्हटलं, "आजी, तारीख लवकर पडली म्हणून निकाल लवकर लागेल असं नाही." ती म्हणाली, "निकाल नको लागू दे ना मंग. तारीख दे." तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या इमारतीत तारखेला कंटाळलेली माणसंच मी आयुष्यभर पाहिली. तारखेची वाट पाहणारी ती एकटीच.

तिची साक्ष झाली तेव्हा मी माझ्या जागेवरच होते. दोन्ही वकिलांनी आलटूनपालटून विचारलं. नवऱ्याने शेत मोठ्याला द्यायचं म्हटलं होतं का? "मले आठोत नही." दोघांना सारखं द्यायचं म्हटलं होतं का? "आठोत नही." शेवटी साहेब वैतागून म्हणाले, "आजी, काहीतरी आठवत असेल ना!" ती म्हणाली, "आठोतं ना सायेब. धाकल्याले कारलं चालत नही, मोठ्याले गिलकं." सगळं कोर्ट हसलं. साहेबही हसले, आणि ते काही त्यांनी लिहून घेतलं नाही. दोघं भाऊ मात्र दोन टोकांना मान खाली घालून उभे होते.

निकालाच्या आधीच ती गेली. भाऊसाहेब गावी गेले, दोघांनी मिळून सगळं केलं, एकमेकांशी न बोलता. त्यानंतरच्या तारखेला दोघंही आले. सफाचट डोकी, तीच ठेवण, तेच थोडे पुढे आलेले कान. तोवर मला ते भाऊ आहेत हे नुसतं कागदावरून माहीत होतं. बाकावर मधली जागा मोकळी होती. वकिलाने अर्ज दिला, साहेबांनी मंजूर केला, आणि प्रतिवादी क्रमांक दोनच्या नावावर लाल शाईने रेघ मारून पुढे 'मयत' लिहायचं काम माझ्याकडे आलं. असं मी शेकडो नावांपुढे लिहिलं असेल. त्या दिवशी पेन झटकून झटकून पाहिलं, शाई होती तरी.

निकाल भाऊसाहेबांच्या बाजूने लागला, निम्मा हिस्सा. अभिनंदन करावं की नाही ते कळेना. ते त्या दिवशी संध्याकाळपर्यंत फायली लावत बसले होते. दादांनी जळगावला अपील केलं. अपिलासाठी मूळ फाईल मागवली गेली, आणि ती तपासताना लक्षात आलं की आईच्या साक्षीचे कागदच त्यात नाहीत.

यापुढचं सांगतानाही दमायला होतं. आवक-जावकच्या बाई रजेवर होत्या म्हणून त्यांच्या खिडकीवर त्या दिवशी भाऊसाहेब बसले होते. बाहेरून एक हात आला, अर्ज पुढे सरकला. भाऊसाहेबांनी सवयीने वाचायला घेतला. रेकॉर्ड क्लार्क प्रल्हाद झोपे यांनी स्वतःच्या फायद्यासाठी आईची साक्ष काढून टाकली, अशी तक्रार. त्यांनी वर पाहिलं. खिडकीबाहेर दादा उभे. भाऊसाहेबांनी शिक्का मारला, नंबर टाकला, दुसऱ्या प्रतीवर सही करून ती पोच म्हणून दादांच्या हातात दिली. मी मागेच उभी होते. ते खिडकी लावून वळले आणि म्हणाले, "ताई, हा अर्ज साहेबांपुढे ठेवायला तुम्ही न्याल का? मी नेणं बरोबर दिसणार नाही."

चौकशी लागली. त्यांना रेकॉर्डवरून काढून कोपऱ्यातल्या एका टेबलावर बसवलं, काम म्हणावं तर काही नाही. इतकी वर्षं चेष्टा करणारे वकीलही त्यांच्यासमोरून जाताना मोबाइल काढून बोलू लागले. मी जबाबात सांगितलं की त्या साक्षीत चोरण्यासारखं काही नव्हतंच, बाईंनी सगळ्याला आठवत नाही म्हटलं होतं. चौकशी अधिकारी म्हणाले, "मुद्दा तो नाही. कागद कुठे आहेत?" ते बरोबरच होतं. भाऊसाहेब घरी जेवत नव्हते असं वहिनींनी मला नंतर सांगितलं. नोकरीची काळजी होतीच. पण त्याहून एक वेगळंच त्यांच्या मनाने घेतलं होतं. "दादाला खरंच वाटतंय की मी आईचे शब्द फाडून टाकले," ते म्हणाले होते. "त्याने मला शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं."

कागद सापडले ते कोणाच्या शोधण्याने नाही. दुसऱ्याच एका दाव्यात वकिलाने ओरड केली की आमच्या फाईलमध्ये ही कुठली बाई घुसली. शेजारी-शेजारी ठेवलेल्या दोन फायली शिवताना कोणीतरी गफलत केली होती, माझ्याच बाजूला, फाईल रेकॉर्डला जाण्याआधी. कोणाच्या हातून, ते ठरलं नाही. भाऊसाहेबांना निर्दोष ठरवणारा कागद आला. त्यांनी तो वाचला, घडी घातली आणि दुसऱ्याच दिवशी बदलीचा अर्ज दिला. बदली झाली जळगावला. तिथेच ते अपील चालू होतं! आम्ही हसलो, तेही हसले. त्यातून सुटका नव्हती.

तिथला प्रसंग त्यांनीच मला सांगितला. दादा तारखेला आले होते, वकील आले नव्हते. दुपारी ते सरळ भाऊसाहेबांच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"सापडलं म्हने."

"हो."

"दुसऱ्याच्याच फाईलीत व्हतं म्हने."

"हो दादा. शिवताना चुकलं कोणाचं तरी."

दादा टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "चहा पेशीन?"

"माफी मागितली का त्यांनी?" मी विचारलं. भाऊसाहेब म्हणाले, "ताई, चहा पाजला ना."

त्यानंतर तडजोड झाली. विहिरीकडचं, केळी असलेलं शेत दादांना. रस्त्याकडचा तुकडा भाऊसाहेबांना, आणि तोही दादाच कसायला लागले. मन मोठं झालं, जुनं विसरलं, असं लिहायला मला आवडलं असतं. तसं नव्हतं. दोघं थकले होते, आणि ज्या बाईसाठी तारखा पडत होत्या ती आता बाकावर नव्हती.

निवृत्तीनंतर ते जळगावातच राहिले. शेवटचे भेटले ते माझ्या भाचीच्या लग्नात. वाळले होते, छातीत धूळ बसलीय म्हणत खोकत होते. पंगतीत माझ्या शेजारी बसले, निम्मं ताट तसंच ठेवलं. मी म्हटलं, "डॉक्टरला दाखवा." म्हणाले, "दाखवलं. तोही पुढची तारीख देतो." मग मुलांची, गुडघ्यांची बोलणी झाली आणि आम्ही आपापल्या गाडीला लागलो. शेवटचं म्हणून वेगळं काही झालं नाही...

गंधमुक्ती होऊन सुतक फिटल्यावर मी जळगावला गेले. दादा तिथेच होते, गावी परतले नव्हते. आता पार वाकलेत, कानाने कमी ऐकतात. वहिनी चहा टाकायला आत गेल्या. दादांना रात्री थंडी वाजते म्हणून वहिनींनी भाऊसाहेबांच्या कपाटातली चादर काढून घ्यायला सांगितलं होतं. मी पाहिलं, कपाटात सगळं कापडात बांधून रचलेलं होतं. स्वेटर, चादरी, वहिनींच्या जुन्या साड्या. रेकॉर्डमधून घरी आल्यावरही भाऊसाहेबांचा हात तसाच चालत राहिला असणार. दादा एक बोचकं मांडीवर घेऊन गाठीशी झगडत होते. ओढत होते आणि ती आणखी आवळत होती.

"बाई, हे कसं सुटते वं? तो तर एका झटक्यात सोडे."

मी त्यांच्याजवळ बसले. आमच्या ऑफिसात सगळे तीच गाठ मारत. "ओढायचं नाही दादा, हे टोक आत ढकलायचं." त्यांनी ढकललं. गाठ सुटली. चादर काढून त्यांनी बाजूला ठेवली आणि उरलेलं पुन्हा बांधायला घेतलं. सैल झालं, सोडलं, परत बांधलं. वहिनी आतून म्हणाल्या, "राहू द्या दादा, मी बांधते नंतर."

"थांब पोरी," ते म्हणाले, "जमते."

माझ्या धुळ्याच्या गाडीची वेळ झाली. मी चप्पल घालून दारात उभी राहिले, निघते म्हटलं. त्यांना ऐकू गेलं नाही. चहा तसाच गार होत होता आणि ते कपाटासमोर फरशीवर बसून टोक आत ढकलत होते, सोडत होते, परत बांधत होते.