छबूबाईचं पुढलं दार

“अक्षर मोजल्याबिगर पाऊल टाकायचं न्हाई,” हे पेडगावच्या बन्सीधरचं रोजचं बोलणं. औतामागं चालतानाही तो ओळी जुळवायचा आणि बोटांच्या पेरांवर अक्षरं मोजायचा.

त्याच्या लग्नात छबूबाईनं उंबऱ्यावर उखाणा घेतला, तर शेजारी उभ्या नवऱ्यानंच तो मोजला. एक अक्षर कमी. “भरून काढ, मग आत ये,” तो म्हणाला. छबूबाईही मानी. ती वळसा घालून परसदारानं आत गेली आणि केस पिकले तरी त्याच दारानं ये-जा करत राहिली. गावाला त्याचं नवल उरलं नाही.

यंदा त्यांच्या नागेशचं लग्न झालं. सून प्रियदर्शनी दारात आली. उंबऱ्यावर धान्याचं माप, आत ओवाळायचं ताट घेऊन छबूबाई. तिच्या मनात एकच, ही पोर तरी पुढल्या दारानं यावी.

सुनेनं उखाणा घेतला:

भरल्या मापात जोंधळे दाणेदार,
नागेशचं नाव घेते, सोडा आता दार.

बन्सीधर दारात आडवा उभा राहिला. “वर तेरा अक्षरं, खाली चौदा. एकीकडं बैल, एकीकडं गोऱ्हा, औत कसं चालंल? आन् दाणेदारला दार? हे यमक न्हाई, त्येच दार दोनदा लावलंय.”

“मग काय करू, मामा?”

“नागेशचा ‘नाग’ कर. ‘नागचं नाव घेते.’ बसतंय बरोबर.”

“नागासंगं लगीन न्हाई लागलं माझं!”

वऱ्हाड हसलं. नागेश तेवढा ओठातल्या ओठात ‘नाग’ म्हणून बघत होता.

“घराला बी दोन दारं हाईत की,” सून म्हणाली. “मी जाते मागून.”

ताट ठेवून छबूबाई परसदारानं धावली, घराला वळसा घालून नवऱ्यापुढं उभी राहिली.

“लय मोजलं दुसऱ्याचं. आता तुमी माझं नाव घ्या. अडलात, तर दार सोडायचं.”

बन्सीधर खाकरला. “पिकलं रान, भरलं खळं... छबूबाई...” पेरांवर फिरणारा अंगठा थांबला. “छबूबाईला यमक ‘घाई’ हाय. पर घाईत कविता होत न्हाई.”

“मग सावकाश करा. तिकडं, बाजूला.”

तो बाजूला झाला. सासूनं सुनेचा हात धरला, सुनेनं माप लवंडलं आणि दोघी आत गेल्या.

बन्सीधर थांबलाच नाही. पुटपुटत, एका हाताची पेरं संपली की दुसऱ्या हातावर मोजत, तो शेताच्या वाटेला लागला. वाजंत्रीवाले वाजवायचं विसरून बघत राहिले, आणि पुढल्या दारात उभी राहून छबूबाईही.