कोण मेले?

तिला सगळे पाल म्हणायचे. हे टोपणनाव तिनं स्वतःच घेतलं होतं, शाळेत असताना, तळघरातल्या एका गेमिंग पार्लरमध्ये. खेळ गोळीबाराचा: पाच जण इकडचे, पाच तिकडचे, ज्यांचे सगळे आधी मरतील ते तो डाव हरले. ही भिंतीला चिकटून सरकायची, म्हणून पाल, असं ती सांगायची. खरं कारण वेगळंच होतं. तेव्हा घरीदारी सगळे तिला मुलगा समजत होते, आणि आपल्या भाषेत पाल कुठूनही आली तरी 'आली'च म्हणावं लागतं. "पाल डावीकडून गेली!" "पाल वर चढली!" असं चार दांडगट पोरं बोंबलायची, आणि ती पाय मोडलेल्या खुर्चीत तोल सांभाळत गालातल्या गालात हसायची. दिवसभरात तेवढीच काय ती क्रियापदं तिला नीट मिळायची.

पण स्वतः बोलायची वेळ आली की पंचाईत. गोळी लागली की साथीदारांना ओरडून सांगायचं असतं, आणि सगळे 'मेलो!' ओरडायचे. तीही नाइलाजानं 'मेलो' म्हणायची. मग एकदा, मोठ्या लीगच्या निवडसामन्यात, वरच्या गच्चीवरून कुणीतरी तिच्या टाळक्यात गोळी घातली, आणि तिच्या तोंडून खरं तेच निघालं.

"मेले!"

पाण्याच्या टाकीमागे लपलेल्या चौघांनी ऐकलं, मेले. म्हणजे समोरचे मेले! चौघेही आनंदानं बाहेर आले. कप्तान तर एका खोक्यावर चढून नाचला. समोरच्या पाचांपैकी एकही मेला नव्हता. त्यांनी चहा पीत पीत टिपावं तसं एकेकाला टिपलं.

कप्तानानं हेडफोन काढून टेबलावर आपटले. "कोण मेले?"

"मी."

"मग मेलो म्हण ना!"

"नाही," ती म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "मी मेले. मी मुलगी आहे. तुम्हाला पटो न पटो."

कप्तान दिवसा न्हाणीघराच्या फरशा विकायचा. त्याच्या डोक्यात जगातली कुठलीही गोष्ट एक तर बसायची, नाही तर बसायची नाही. ही गोष्ट बसली.

"बरं," तो म्हणाला. "पण मग आधी 'मी' लाव की गं बाई! आजपासून नियम. 'मी'शिवाय कुणी मरायचं नाही."

"आणि समोरचे मेले तर?" दुसऱ्यानं विचारलं.

"ते आडवे झाले म्हणायचं."

मग त्या चौघांत अर्धा तास वाद झाला तो 'आडवे' म्हणावं की 'गार' यावर. पालीनं आरशासमोर उभं राहून महिनोन्‌महिने एक भाषण पाठ केलं होतं. त्यातलं एक वाक्यही वापरायला मिळालं नाही, याचा तिला पुढे कित्येक दिवस राग होता.

घरी आईनं तर भाषणाला सुरुवातही करू दिली नाही. आई दवाखान्यात एक्स-रे काढायची. "रोज माणसांच्या आत बघते मी," ती म्हणाली. "पोटच्या पोरीचं कळणार नाही होय? चल, जेवून घे."

अडले ते बाबा. बाबा शिलाई मशिनी दुरुस्त करायचे, खाली दुकान, वर घर. माणूस मनानं वाईट मुळीच नव्हता. त्यांनी ना आदळआपट केली, ना अबोला धरला. फक्त 'आलास' म्हणायला मन धजेना आणि 'आलीस' म्हणायला जीभ वळेना, तेव्हा त्यांनी मशिनीचा एखादा दात तुटला की करतात तेच केलं: तेवढा दात टाळून बाकी यंत्र चालवायला घेतलं. 'जेवलीस का?' विचारायच्या ऐवजी 'काय खाल्लंस?' 'कुठे निघालीस?' ऐवजी 'कुठे जाणार?' 'झोपलीस का?' ऐवजी नुसतंच 'दिवा?' 'रे' गेलं, 'गं' आलंच नाही. ज्या ज्या क्रियापदात मुलगा की मुलगी ते सांगावं लागतं, ते ते त्यांनी घरातून हद्दपार केलं. इतकी वर्षं हे जमवायचं म्हणजे खायचं काम नाही. एखाद्या वैयाकरण्याला घाम फुटला असता.

"अहो, तुम्ही बोलताय की पाट्या वाचताय?" आई म्हणायची.

आणि तरी पालीच्या माउसची कळ अडकायला लागली, तेव्हा सकाळी तो दुरुस्त होऊन तिच्या टेबलावर होता. आत बॉबिनच्या डबीतली इवलीशी स्प्रिंग बसवलेली, आणि वर शिलाई मशिनीच्या तेलाचा वास. पालीला त्या माउसचं कौतुक होतं, पण तिला हवं होतं ते दुसरंच. बाबांनी एकदा, एकदाच, तिच्यासाठी एक क्रियापद पूर्ण करावं, एवढीच तिची इच्छा होती. मागून मिळालेलं मात्र तिला नको होतं.

लीगमध्ये तिच्यासारखी खेळाडू तिच्याआधी कुणी आली नव्हती. पहिलेपणाचे काय ते मान असतात, ते तिला मिळाले. पुरुषांच्या खोलीत बसवावं की बायकांच्या, यावर आयोजकांनी बैठक घेतली आणि तिला तिसरीच खोली दिली. त्या खोलीत आधीपासून बादल्या आणि पोछे राहत होते. ती प्रत्येक सामन्याआधी पोछ्यांना नमस्कार करून निघायची. प्रेक्षकांतून कुणी वाकडं बोललंच, तर कप्तान उठून त्याला न्हाणीघराच्या फरशांचे भाव ऐकवायचा. माणूस कंटाळून गप्प बसायचा.

अशी पाल काही वर्षांत अंतिम सामन्यापर्यंत सरकली. त्या दिवशी आई बाबांना ओढत घेऊन आली. मोठं सभागृह, मोठा पडदा. खेळाडूंच्या कानांवर जाडजूड हेडफोन, म्हणजे बाहेरचं काही ऐकू येऊ नये.

शेवटच्या डावात तिचे चारही साथीदार 'मी' लावून रीतसर मेले. उरली पाल, आणि समोरचा एक. पडद्यावर सगळ्या सभागृहाला दिसत होतं, तो तिच्या पाठीमागून दबकत येत होता. तिला काही दिसत नव्हतं. पण मनात पाल चुकचुकली म्हणतात ना, इथे तर पालीच्याच मनात चुकचुकली. ती गर्रकन वळली आणि तिनं त्याला आडवं केलं.

"आडवा! आडवा!" कप्तान नाचला, आणि या वेळी त्याला नाचायचा हक्क होता.

तेवढ्यात पंच आले. बरोबर दारावरचा रखवालदार.

"एका प्रेक्षकाला बाहेर काढलंय," पंच पालीला म्हणाले. "खुर्चीवर चढून ओरडत होते. अनोळखी माणूस असेल तर नुसतं बाहेर काढायचं, विषय संपला. पण खेळाडूच्या घरचं माणूस खेळाडूला सांगत असेल, तर तिनं ऐकलेलं असो वा नसो, डाव रद्द. तुमच्या ओळखीचे आहेत का?"

"काय ओरडत होते?" पालीनं विचारलं.

रखवालदारानं घसा साफ केला. शब्दन्‌शब्द सांगायचा असं त्यानं ठरवलेलं दिसत होतं. "'अगं मागे बघ! मागे आलाय तो! अशी काय बसलीस, वळ की कार्टे!'"

 पालीनं मनातल्या मनात मोजलं: एक 'अगं', एक 'बसलीस', एक 'कार्टे'. तिचे डोळे भरून आले. टेबलाखाली कप्तानानं तिच्या पायावर पाय दिला. नाही म्हण, नाही म्हण, असं तो नुसत्या भुवयांनी सांगत होता. नाही म्हटलं की करंडक तिचा होता. कुणी विचारायला येणार नव्हतं.

"यातली कार्टी कोण?" पंचांनी विचारलं.

"मी," पाल म्हणाली. "ते माझे बाबा आहेत. मी त्यांची कार्टी."

कप्तानानं कपाळावर हात मारला. "नियम माझाच," तो पुटपुटला. "'मी'शिवाय मरायचं नाही."

डाव पुन्हा खेळला गेला. पाल दारामागे दबा धरून बसली, आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी अजून ओसरलं नव्हतं. खिडकीतून गोळी आली. "मी मेले!" ती ओरडली, इतक्या मजेत की समालोचकाला वाटलं हीच जिंकली.

बाहेर पायरीवर बाबा येरझाऱ्या घालत होते. आई शेजारी उभी होती.

"काय झालं?" बाबांनी नेहमीसारखं विचारलं.

"हरले."

"हरलीस?" बाबांचा आवाज चढला. "कशी हरलीस? दारामागे बसली असशील! दारामागे कुणी बसतं का? खिडकीखालून सरकली असतीस तर? एवढी वर्षं भिंतीला चिकटून फिरतेस आणि आजच कशी गं विसरलीस?"

आईनं तोंड उघडलं. पालीनं हळूच तिचा हात दाबला, नि स्वतः पायरीवर बसली.

"बरं," ती म्हणाली. "आणखी कुठे चुकले, बाबा?"